पायथनमध्ये मॉड्यूलला नाव देताना: कोणती नावे टाळायची, का, आणि अडकल्यावर काय करायचे

पायथनमध्ये मॉड्यूल म्हणजे साधी एक फाइल. वेगळी घोषणा करावी लागत नाही, नोंदणी लागत नाही. फाइलला जे नाव ठेवले तेच मॉड्यूलचे नाव. नवखा माणूस फसतो तो इथेच, कारण नाव ठेवताना त्याला अडवणारे कुणी नसते. भाषेने स्वतःसाठी पक्की राखून ठेवलेली नावे जेमतेम ३५ आहेत. त्याखेरीज शेकडो नावे अशी आहेत की ती वापरायला मनाई नाही, पण त्यांचा मालक आधीच ठरलेला आहे. कुठे तो प्रमाण लायब्ररी, म्हणजे पायथनसोबतच येणारा मॉड्यूलांचा संग्रह, असतो, कुठे विंडोज, कुठे चाचण्या चालवणारे पायटेस्टसारखे एखादे साधन. असे नाव ठेवले की एरर लगेच येत नाही आणि पुष्कळदा त्या फाइलमध्येही येत नाही. तिसऱ्याच ठिकाणी येतो, आपण कधी उघडलीही नाही अशा फाइलचा ओळ क्रमांक दाखवत.

एक सूचना आधीच. या लेखात फाइलींची आणि कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीत, सहसा लहान अक्षरांत लिहायची. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे. नावाच्या आगेमागे दोन-दोन अंडरस्कोर असतील तर त्याला बोलीत ‘डंडर’ म्हणतात, इथेही तेच म्हटले आहे.

सोबत काय लागेल

– पायथन ३.१० किंवा त्यापुढची आवृत्ती. ३.१३ असेल तर उत्तम, कारण नावांच्या टकरीबद्दल तिचे एरर बरेच स्पष्ट बोलतात.
– टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट. खालच्या तपासण्या एडिटरच्या बटणांवर नीट होत नाहीत.
– विंडोजवर एक्स्प्लोररमध्ये फाइलचे एक्स्टेंशन दिसेल असे सेटिंग. ते बंद असेल तर ‘हजेरी.पाय.टीएक्सटी’ ही फाइल ‘हजेरी.पाय’ म्हणून दिसते, आणि ती इम्पोर्ट का होत नाही, म्हणजे दुसऱ्या फाइलीत का मागवता येत नाही, हे शोधण्यात तास जातो.
– बदलांची नोंद ठेवायला गिट वापरत असाल तर गिट. रफ हे तपासणीचे साधन शेवटच्या पायरीत लागेल.

पायरी १: ते नाव म्हणून चालते का ते पाहा

इम्पोर्टच्या ओळीत येणारे नाव पायथनच्या व्याकरणात बसले पाहिजे. सुरुवात अक्षराने किंवा अंडरस्कोरने, पुढे अक्षरे, अंक, अंडरस्कोर. हायफन नाही, मोकळी जागा नाही, मध्ये डॉट नाही, सुरुवातीला अंक नाही.

प्रॅक्टिकलच्या फाइलींना ‘१-बेरीज.पाय’ किंवा ‘एक्सपी-३.पाय’ अशी नावे देण्याची पद्धत आहे. त्या फाइली थेट चालवल्या तर बिनबोभाट चालतात, म्हणून नाव बरोबरच आहे असे वाटते. पुढे चौथ्या प्रयोगात तिसऱ्यातले फंक्शन मागवायला गेलात की ‘इम्पोर्ट एक्सपी-३’ या ओळीत पायथनला वजाबाकीचे चिन्ह दिसते आणि सिंटॅक्स एरर येतो. ‘इम्पोर्टलिब.इम्पोर्ट_मॉड्यूल’ला हेच नाव अवतरण चिन्हांत दिले तर फाइल उघडते, पण ती पळवाट झाली. हायफन काढून अंडरस्कोर घाला.

तपासायचे असेल तर पायथनचा प्रॉम्प्ट उघडा, नाव अवतरण चिन्हांत लिहा आणि त्यावर ‘इजआयडेंटिफायर’ ही मेथड चालवा. ट्रू आले की व्याकरण पास. एवढ्यावर थांबू नका, कारण ‘क्लास’ या शब्दालाही ती ट्रूच म्हणते. कीवर्डची, म्हणजे भाषेने राखून ठेवलेल्या शब्दांची, तपासणी तिच्याकडे नाही.

देवनागरी नावाचे काय? पायथन ३ मध्ये ‘गणित’ या नावाची फाइल करून ती इम्पोर्ट करता येते. ‘भाग१’ चालते, ‘१भाग’ चालत नाही. मात्र मराठीत एक खास खड्डा आहे. काही कीबोर्ड ‘दुसऱ्या’मधला ऱ्य उमटवताना र आणि हलन्त यांच्यामागे डोळ्यांना न दिसणारा जोडक घालतात, युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक यू+२००डी. पायथनच्या नावात हे चिन्ह बसत नाही. पडद्यावर शब्द निर्दोष दिसतो आणि एरर म्हणतो की न छापता येणारे अवैध अक्षर आहे. नुक्तावाला ऱ वापरणारा कीबोर्ड असेल तर हा त्रास नाही. तरीही फाइलींची नावे रोमनच ठेवावीत असे मी सांगेन. झिप करताना, जुन्या विंडोजवर उघडताना किंवा सर्व्हरवर चढवताना देवनागरी फाइलनावांचा चुथडा व्हायला वेळ लागत नाही. चलांची नावे देवनागरीत ठेवायला हरकत नाही.

नावे लहान अक्षरांत, छोटी, गरज पडली तर अंडरस्कोर घालून लिहावीत, हा पेप ८ या शैलीपत्रकाचा सल्ला. तो केवळ शोभेसाठी नाही, कारण पायरी ६ मध्ये दिसेल.

पायरी २: कीवर्ड गाळा

खरी राखीव नावे ही. ३५ पैकी मॉड्यूलसाठी मोहात पाडणारी थोडी: क्लास, ग्लोबल, पास, रिटर्न, इम्पोर्ट, लॅम्डा, असिंक, अवेट. ट्रू, फॉल्स आणि नन यांचे पहिले अक्षर मोठे लिहिले तरच ती कीवर्ड ठरतात. विंडोजवर फाइलला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नसतो, तेव्हा लहान अक्षरांतही ती टाळलेलीच बरी.

तपासणी: प्रॉम्प्टवर ‘इम्पोर्ट कीवर्ड’, मग ‘कीवर्ड.इजकीवर्ड’ला नाव द्या. पूर्ण यादी ‘कीवर्ड.केडब्ल्यूलिस्ट’मध्ये आहे.

शाळकरी मुलांची माहिती ठेवणाऱ्या प्रोग्रामला ‘क्लास.पाय’ नाव दिले तर फाइल तयार होते, एडिटर रंगही भरतो, पण ‘इम्पोर्ट क्लास’ कधीच चालणार नाही. कीवर्डच हवा असला तर शेवटी एक अंडरस्कोर जोडायची रीत आहे. ती चलांसाठी ठीक. मॉड्यूलसाठी ‘इयत्ता’ असे वेगळे नावच घ्या, कारण शेवटचा अंडरस्कोर पुढचा माणूस हमखास विसरतो.

मॅच, केस, टाइप आणि नुसता अंडरस्कोर हे मऊ कीवर्ड. संदर्भ असेल तेव्हाच ते कीवर्ड म्हणून वागतात. मॅच आणि केस ३.१० मध्ये आले, टाइप ३.१२ मध्ये. ‘मॅच.पाय’ ही फाइल इम्पोर्ट होते. क्रिकेटचा स्कोअर ठेवणाऱ्यांना त्यामुळे दिलासा.

कीवर्डची यादी कायमची नसते. असिंक आणि अवेट हे ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून पूर्ण कीवर्ड झाले. सेलेरी या प्रसिद्ध लायब्ररीत ‘बॅकएंड्स’ पॅकेजच्या आत ‘असिंक’ याच नावाचे मॉड्यूल होते. नव्या पायथनवर ती ओळ वाचताच सिंटॅक्स एरर यायला लागला आणि त्यांना ते नाव बदलून ‘असिंक्रोनस’ करावे लागले. उलटही घडते: प्रिंट आणि एक्झेक पायथन २ मध्ये कीवर्ड होते, ३ मध्ये नाहीत.

पायरी ३: प्रमाण लायब्ररीशी टक्कर नाही ना?

नवख्यांचे सर्वांत जास्त तास इथे जातात, म्हणून जरा सावकाश.

इम्पोर्टची ओळ आली की पायथन चार ठिकाणी क्रमाने बघतो. पहिले, हे मॉड्यूल या सत्रात आधीच लोड झाले आहे का. दुसरे, ते इंटरप्रिटरच्या पोटातच बांधलेले आहे का. तिसरे, ते इंटरप्रिटरसोबत गोठवून ठेवलेल्या मॉड्यूलांपैकी आहे का. चौथे, ‘सिस.पाथ’ या यादीतले फोल्डर एकामागून एक. या यादीत पहिला मान तुम्ही चालवलेल्या फाइलच्या फोल्डरला, प्रमाण लायब्ररीचे फोल्डर त्यानंतर, आणि पिप या साधनाने बाहेरून आणून बसवलेल्या लायब्रऱ्या शेवटी.

या क्रमामुळे टक्कर दोन तऱ्हांची होते.

पहिली तऱ्हा: तुमची फाइल जिंकते. ‘रँडम.पाय’ ही फाइल केली, तिच्यात ‘इम्पोर्ट रँडम’ लिहिले आणि ‘रँडम.रँडइंट’ मागितले. चालवताना ही फाइल ‘डंडर मेन’ या नावाने उघडते. इम्पोर्टच्या ओळीवर पायथन रँडम शोधतो, पहिल्याच फोल्डरात तुमची फाइल सापडते आणि तीच पुन्हा, या वेळी रँडम या नावाने, वाचायला घेतो. तिच्यातल्या इम्पोर्टला तीच अर्धवट फाइल हाती लागते. रँडइंट तिच्यात नाहीच. एरर येतो: ‘पार्शली इनिशियलाइज्ड’ मॉड्यूलमध्ये अमुक ॲट्रिब्यूट नाही, बहुधा चक्राकार इम्पोर्ट झाला असावा. नवखा माणूस ‘चक्राकार इम्पोर्ट’ शोधत बसतो आणि भलत्याच वाटेला लागतो. ३.१३ पासून हाच एरर सरळ सांगतो की या फाइलचे नाव प्रमाण लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखेच आहे, ते बदलण्याचा विचार करा.

दुसरी तऱ्हा: तुमची फाइल हरते आणि गुपचूप हरते. टाइम, सिस, आयटरटूल्स ही पोटात बांधलेली मॉड्यूले. ओएस तर पायथन सुरू होतानाच लोड झालेले असते. ‘टाइम.पाय’ करून तिच्यात घड्याळाची फंक्शने लिहिलीत तर ‘इम्पोर्ट टाइम’ला कायम पायथनचेच टाइम मिळेल. तुमचे फंक्शन सापडत नाही असा एरर येईल आणि फाइल तर डोळ्यांसमोर असेल. मॅथचे आणखी विचित्र. काही मशीनवर ते पोटात बांधलेले असते, काहींवर वेगळी फाइल असते, म्हणून ‘मॅथ.पाय’ एका लॅपटॉपवर एक वागते आणि दुसऱ्यावर दुसरे.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे तुम्ही ते मॉड्यूल वापरतच नसता. दुसरी एखादी लायब्ररी वापरत असते आणि तिच्या हाती तुमची फाइल पडते. नेहमीचे गुन्हेगार:

– क्यू.पाय. डेटा स्ट्रक्चरच्या प्रॅक्टिकलला ठेवले जाणारे नाव. त्याच फोल्डरातून वेबवरून माहिती आणणारी रिक्वेस्ट्स ही लायब्ररी वापरली की तिच्या खालची युआरएललिब३ कोसळते.
– ईमेल.पाय. एचटीटीपी आणि युआरएललिब दोन्ही आतून ईमेल पॅकेजवर उभी आहेत. एरर म्हणतो ‘ईमेल.पार्सर’ सापडत नाही, ईमेल हे पॅकेजच नाही.
– कॅलेंडर.पाय. डेटटाइमच्या ‘स्ट्रपटाइम’ने तारीख वाचायला गेलात की एरर, कारण वारांची नावे ते कॅलेंडरकडून घेते.
– सीक्रेट्स.पाय. पासवर्ड आणि की ठेवायला लोक हमखास हे नाव घेतात. ३.६ पासून ते प्रमाण लायब्ररीत आहे आणि नमपाय या गणिती लायब्ररीचा यादृच्छिक संख्यांचा भाग त्यातून ‘रँडबिट्स’ मागतो. मग नमपायच इम्पोर्ट होत नाही.
– स्ट्रिंग.पाय. लॉगिंग बंद पडते.
– टोकन.पाय. प्रमाण लायब्ररीतले इन्स्पेक्ट मोडते, त्यामागोमाग डेटाक्लासेस.
– कोड.पाय. डीबगर पीडीबी उघडत नाही. म्हणजे चूक शोधायला जावे तर शोधायचे हत्यारच मोडलेले.
– टाइप्स.पाय आणि एनम.पाय. रेग्युलर एक्स्प्रेशनचे मॉड्यूल एनमवर आणि एनम टाइप्सवर उभे आहे, त्यामुळे जवळजवळ काहीच चालत नाही.
– टर्टल.पाय. रेषा काढायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिली फाइल. ही टक्कर मात्र पहिल्या तऱ्हेची.

आयडल हा पायथनसोबत येणारा एडिटर वापरणाऱ्यांना यात वेगळाच अनुभव येतो. ‘रँडम.पाय’ किंवा ‘टीकेइंटर.पाय’ अशी फाइल त्या फोल्डरात असेल तर सबप्रोसेस जोडला गेला नाही असा संदेश येऊन आयडल थांबते. ज्युपिटर नोटबुकमध्ये कर्नल, म्हणजे कोड चालवणारा मागचा प्रोग्राम, सुरूच होत नाही. दोन्ही वेळा लोक पायथन काढून पुन्हा बसवतात. त्याने काही होत नाही, फाइल तिथेच असते.

नाव मोकळे आहे का हे पाहायला ३.१० पासून ‘सिस.एसटीडीलिब_मॉड्यूल_नेम्स’ हा संच आहे. प्रॉम्प्टवर ‘इम्पोर्ट सिस’ करून तुमचे नाव त्या संचात आहे का ते ‘इन’ने विचारा. फॉल्स आले की मोकळे.

मराठी शब्द रोमनमध्ये लिहून नाव ठेवले की ही टक्कर बहुतेक टळते. हजेरी, पावती, गणित, वेळापत्रक यांच्याशी पायथनचे काही देणेघेणे नाही. पण बेसावध राहू नका. पंचांगाच्या प्रोग्राममध्ये सूर्योदय आणि सूर्यास्तासाठी ‘उदय’ आणि ‘अस्त’ अशा दोन फाइली केल्या आणि अस्त ए, एस, टी असा लिहिला, तर तेच पायथनच्या व्याकरणवृक्षाच्या मॉड्यूलचे नाव आहे. इन्स्पेक्टला ते लागते, आणि एरर कुठल्या कुठे येतो. ‘दिस’ हे डी, आय, एस असे लिहिले तर तेही घेतलेले आहे.

प्रमाण लायब्ररीतल्या नावांची यादी आवृत्तीगणिक बदलते हेही ध्यानात ठेवा. टॉमललिब ३.११ मध्ये आले. ३.१३ मध्ये सीजीआय, चंक, पाइप्स, क्रिप्ट, टेलनेटलिब अशी १९ जुनी मॉड्यूले एका फटक्यात काढली. ३.१४ मध्ये ‘कम्प्रेशन’ हे साधे इंग्रजी नाव पायथनने घेतले. आजचे मोकळे नाव उद्या मोकळे असेलच असे नाही. म्हणून एका शब्दाच्या, सर्वसाधारण अर्थाच्या नावापेक्षा ‘फी_पावती’ यासारखे नेमके नाव जास्त टिकते.

पायरी ४: फोल्डरचे नावही तितकेच जपून

फोल्डर म्हणजे पॅकेज, त्याला हेच नियम लागू. फरक एका फाइलचा, ‘डंडर इनिट.पाय’चा.

ती फाइल नसलेला ‘जेसन’ नावाचा फोल्डर निरुपद्रवी असतो. पायथन त्याची नोंद घेतो, पण यादीत पुढे खरे मॉड्यूल मिळाले तर त्यालाच मान देतो. डेटाच्या जेसन फाइली ठेवायला असा फोल्डर महिनोन्‌महिने चालतो. मग एके दिवशी कुणीतरी त्यात रिकामी डंडर इनिट टाकते, किंवा एडिटर ‘नवे पॅकेज’ म्हणताना आपणहून टाकतो, आणि जेसन वाचणारा सगळा प्रोग्राम झोपतो. फोल्डरला ‘जेसन_फाइल्स’ म्हणा, विषय संपला.

एकाच जागी ‘अहवाल.पाय’ आणि ‘अहवाल’ फोल्डर दोन्ही असतील तर डंडर इनिट असलेला फोल्डर जिंकतो आणि फाइल न सांगता बाजूला पडते. डंडर इनिट नसेल तर फाइल जिंकते.

‘टेस्ट’ हे एकवचनी नाव पायथनच्या स्वतःच्या चाचण्यांचे पॅकेज आहे. ‘टेस्ट्स’ असे अनेकवचन वापरा. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये ‘स्टार्टॲप टेस्ट’ दिले तर जँगो स्वतःच नकार देतो. हा शहाणपणा पायथनच्या मूळ इंटरप्रिटरकडे नाही.

पॅकेज करून इतरांना देणार असाल तर आणखी एक. सेटअपटूल्स या पॅकेज बांधणाऱ्या साधनाला पॅकेजे आपोआप शोधायला सांगितली आणि फोल्डर प्रकल्पाच्या मुळातच असले, तर टेस्ट्स, डॉक्स, एक्झाम्पल्स, स्क्रिप्ट्स, टूल्स, यूटिल्स, बिल्ड या नावांचे फोल्डर ते मुद्दाम वगळते. तुमच्या मशीनवर ‘यूटिल्स’ इम्पोर्ट होते, कारण फोल्डर शेजारीच आहे. दुसऱ्याने पिपने बसवले की मॉड्यूल सापडत नाही. उपाय: सगळे एका नेमक्या नावाच्या पॅकेजच्या पोटात घाला.

पायरी ५: पॅकेजच्या आत नाव चालते, पण चालवण्याची पद्धत बदला

‘शाळा’ या पॅकेजच्या आत ‘रँडम.पाय’ ठेवली तर पायथन ३ ला अडचण नाही. तिचे पूर्ण नाव ‘शाळा.रँडम’, आणि नुसत्या ‘इम्पोर्ट रँडम’चा अर्थ प्रमाण लायब्ररीतलेच रँडम. पॅकेजच्या आत लॉगिंग, टाइप्स, क्यू अशी नावे ठेवलेल्या कितीतरी मोठ्या लायब्रऱ्या आहेत.

गंमत पुढे आहे. ‘शाळा’ फोल्डरातली ‘मेन.पाय’ थेट मार्ग देऊन चालवली की ‘शाळा’ फोल्डरच यादीत पहिला बसतो. मग आतली ‘रँडम.पाय’ उघडी पडते आणि पायरी ३ चे सगळे भोग सुरू. व्हीएस कोडचे चालवायचे बटण नेमके हेच करते. फोल्डरच्या एक पायरी वर उभे राहा आणि ‘पायथन’, हायफन लहान एम, मग ‘शाळा.मेन’ असे चालवा. शेवटी ‘.पाय’ लिहायचे नाही. आता यादीत पहिला वरचा फोल्डर बसतो आणि आतली नावे आत राहतात.

मॉड्यूलचे आणि त्यातल्या फंक्शनचे नाव एकच ठेवणे हाही याच जातीचा घोळ. डंडर इनिटमध्ये ‘.पावती’मधून ‘पावती’ हे फंक्शन आणले की ‘शाळा.पावती’ म्हणजे मॉड्यूल राहत नाही, फंक्शन होते. खुद्द प्रमाण लायब्ररीत डेटटाइममध्ये डेटटाइम आणि टाइममध्ये टाइम आहे, त्यामुळे शिकणाऱ्यांचे जे हाल होतात ते पाहिले की तो कित्ता गिरवावासा वाटत नाही.

पायरी ६: विंडोजची राखीव नावे

ही नावे पायथनची नाहीत, पण यांनी अडवले की पायथनलाच दोष जातो. सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, सीओएम१ ते सीओएम९ आणि एलपीटी१ ते एलपीटी९ ही नावे डॉसच्या काळापासून उपकरणांसाठी राखीव आहेत. लहान-मोठे अक्षर कसेही लिहा, मागे ‘.पाय’ जोडा, तरी ती राखीवच मानली जातात. विंडोज ११ मध्ये हे काही ठिकाणी सैल झाले आहे, पण जुनी मशीने आणि साधने अजून तशीच आहेत.

डेटाबेस कनेक्शनची फाइल ‘सीओएन.पाय’ आणि सहायक फंक्शनांची ‘एयूएक्स.पाय’ हे दोन मोह फार. लिनक्सवर किंवा मॅकवर त्या सुखाने राहतात. विंडोजवाल्या सहकाऱ्याने गिटवरून घेतले की ‘इनव्हॅलिड पाथ’ येऊन चेकआउट थांबते, त्याच्याकडे फाइल उतरतच नाही. चूक मातब्बरांकडूनही होते, लिनक्स कर्नलच्या स्रोतातही एयूएक्स नावाची सी फाइल आहे. तपासायला ३.१३ पासून ‘ओएस.पाथ.इजरिझर्व्ह्ड’ आहे, पण ते विंडोजवरच मिळते.

लहान-मोठ्या अक्षरांचा त्रासही इथलाच. विंडोज आणि मॅक यांच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत ‘हजेरी’चे पहिले अक्षर मोठे असो की लहान, फाइल एकच. पायथन मात्र इम्पोर्ट करताना अक्षर जुळते का ते बघतो. नाव मोठ्या अक्षरावरून लहानावर आणलेत तर अशा मशीनवर गिटला तो बदल सहसा कळत नाही, आणि लिनक्स सर्व्हरवर जुनेच नाव राहते. तुमच्याकडे चालते, सर्व्हरवर मॉड्यूल सापडत नाही. असा बदल ‘गिट एमव्ही’नेच करा. आणि मुळात सगळे लहान अक्षरांत ठेवले तर ही वेळच येत नाही.

पायरी ७: ज्या लायब्ररीचा अभ्यास, तिचेच नाव नको

पांडाज शिकताना फाइल ‘पांडाज.पाय’, फ्लास्क शिकताना ‘फ्लास्क.पाय’. पिपच्या लायब्रऱ्या यादीत शेवटी असल्यामुळे तुमची फाइल दर वेळी जिंकते आणि ‘पांडाजमध्ये रीड_सीएसव्ही नाही’ असा एरर येतो. फ्लास्कच्या अधिकृत दस्तऐवजात तर हे नाव ठेवू नका असे स्पष्ट लिहिले आहे.

पिपचे नाव आणि इम्पोर्टचे नाव एकच असते असेही नाही. बसवायचे ‘ओपनसीव्ही-पायथन’, इम्पोर्ट करायचे ‘सीव्ही२’. बसवायचे ‘पिलो’, इम्पोर्ट करायचे ‘पीआयएल’, तेही मोठ्या अक्षरांत. ‘पायवायएएमएल’ बसवायचे, ‘वायएएमएल’ आणायचे. टाळायचे असते ते इम्पोर्टचे नाव. स्वतःचे पॅकेज पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून लायब्रऱ्या आणते त्या कोठारावर, चढवणार असाल तर तिथे हायफन, अंडरस्कोर आणि डॉट एकच धरले जातात, लहान-मोठे अक्षरही. प्रमाण लायब्ररीतल्या मॉड्यूलचे नाव दिलेत तर पायपीआय ते घेत नाही.

पायरी ८: ज्यांना आपोआप बोलावणे येते अशी नावे

डंडर नावे भाषेने स्वतःकडे ठेवली आहेत. डंडर इनिट आणि डंडर मेन ही त्यांच्या ठरल्या कामासाठीच वापरा, नवी डंडर नावे बनवू नका.

‘साइटकस्टमाइझ’ आणि ‘यूजरकस्टमाइझ’ ही मॉड्यूले पायथन सुरू होतानाच शोधतो. पायथनपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घातलेल्या फोल्डरात या नावाची फाइल असली तर न मागता दर वेळी चालेल.

पायटेस्ट ‘टेस्ट_’ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली उघडते. सहज करून पाहायला ‘टेस्ट_डेटाबेस.पाय’ केली आणि तिच्यात कुठल्याही फंक्शनच्या बाहेर, मोकळ्यावर टेबल पुसणारी ओळ असली, तर पायटेस्ट चालवताच ती ओळही चालते. करून पाहायच्या फाइलीला ‘प्रयोग_’ने सुरू करा. ‘कॉन्फटेस्ट.पाय’ हेही पायटेस्टचे. दोन फोल्डरांत एकाच नावाच्या चाचणी फाइली आणि दोन्हीकडे डंडर इनिट नसेल, तर ‘इम्पोर्ट फाइल मिसमॅच’ येतो.

पायरी ९: अडकलातच, तर या क्रमाने

क) ट्रेसबॅकमधले, म्हणजे एररसोबत छापल्या जाणाऱ्या मजकुरातले, फाइलींचे मार्ग वाचा. पायथनच्या फोल्डरांतून जाताजाता मध्येच तुमच्या प्रकल्पातली फाइल दिसली, आणि तुम्ही तिला बोलावले नव्हते, तर चोर सापडला.

ख) खात्री करा. मॉड्यूलचे ‘डंडर फाइल’ छापा, ते कुठून आले ते कळेल. पोटात बांधलेल्यांना ते नसते. तिथे ‘इम्पोर्टलिब.युटिल’मधल्या ‘फाइंड_स्पेक’ला नाव द्या आणि उत्तराचे ‘ओरिजिन’ पाहा. ‘बिल्ट-इन’ किंवा ‘फ्रोझन’ दिसले तर तुमची फाइल हरलेली आहे.

ग) ३.११ किंवा पुढे असाल तर तीच फाइल हायफन मोठा पी हा पर्याय देऊन चालवा. यात फाइलचे फोल्डर यादीत येत नाही. एरर गेला तर टक्करच होती. हा कायमचा उपाय नव्हे, कारण यात तुमची शेजारची खरी मॉड्यूलेही सापडणार नाहीत.

घ) नाव बदला, आणि जुन्या नावाचे सगळे इम्पोर्ट शोधून बदला. ज्युपिटर असेल तर कर्नल पुन्हा सुरू करा, नाहीतर आधी लोड झालेले जुने मॉड्यूलच तो देत राहील.

‘डंडर पायकॅश’ फोल्डर पुसा असा सल्ला जो तो देतो. पायथन ३ मध्ये मूळ फाइल गेली की त्या फोल्डरातली तिची पायसी (पायथनने आधीच भाषांतर करून ठेवलेली) फाइल वापरली जात नाही, तेव्हा पुसण्याची गरज नाही. पुसल्याने नुकसानही नाही. मूळ फाइल जिथे होती तिथेच उघड्यावर पायसी पडलेली असेल तर मात्र पायथन ती उचलतो. पायथन २ च्या काळातला फोल्डर कॉपी करून आणला असेल तर तेवढे बघा.

पायरी १०: पहारा बसवा

प्रकल्प दोन-चार जणांचा झाला की ही तपासणी डोळ्यांवर सोडू नका. रफमध्ये ए००५ हा नियम प्रमाण लायब्ररीशी टकरणारी मॉड्यूले पकडतो आणि एन९९९ व्याकरणात किंवा शैलीत न बसणारी फाइलनावे पकडतो. दोन्ही मुळात बंद असतात. पायप्रोजेक्ट.टॉमल फाइलीत रफच्या लिंट विभागात, ‘सिलेक्ट’च्या यादीत ती घालावी लागतात. ‘टार्गेट-व्हर्जन’ही लिहा, पण ते लिंटमध्ये नाही, रफच्या मुख्य विभागात. प्रमाण लायब्ररीची यादी आवृत्तीप्रमाणे बदलत असल्यामुळे रफ ती त्यावरूनच ठरवते, आणि ‘चंक’ हे नाव तुमच्यासाठी मोकळे आहे की नाही याचे उत्तर ३.१२ ला एक आणि ३.१३ ला वेगळे येते.